पावसावर आलेला आळ

गतवर्षी श्रावणात आमच्या शाळेच्या फाटकाजवळील गुलाबांच्या वाफ्यावर एकाएकी अवकळा आली. पानांवर काळे ठिपके उमटले, ठिपक्यांभोवतीचा भाग पिवळा पडला आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच खालच्या फांद्या अगदी उघड्या झाल्या. हा वाफा पुष्कळ वर्षांपूर्वी शाळेतील एका बाईंनी लावलेला. त्या निवृत्त झाल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या होत्या की, फुले वर्षातून एकदाच, पंधरा ऑगस्टला तोडावीत. तो नेम शाळेने आजवर पाळला होता. गतवर्षी मात्र त्या दिवशी ध्वजाच्या दोरीत बांधावयास मूठभर पाकळ्यादेखील मिळाल्या नाहीत आणि बाजारातून झेंडूची फुले आणावी लागली.

झाडे आजारी पडली की कारण सांगणारे पुष्कळ भेटतात. या वेळी बहुतेकांनी एकच कारण सांगितले : पाऊस दूषित झाला आहे. इंदूरच्या रस्त्यांवरील मोटारींचा धूर, पीथमपूरकडील कारखान्यांची धुराडी, निमाडात झालेली कोळशावरची वीजकेंद्रे, या सर्वांचे विष ढगांत मिसळते व पावसाबरोबर खाली येते. पूर्वीचा पाऊस आता राहिला नाही, असे जो तो म्हणू लागला. कोणी 'आम्लवर्षा' हा शब्द उच्चारला. आम्लावर उतारा चुन्याचा, हे आम्हांस पाठ्यपुस्तकातून ठाऊक होतेच. तेव्हा विरीचा चुना आणून आम्ही तो प्रत्येक झाडाच्या आळ्यात मोठ्या उत्साहाने टाकला. महिनाभराने नवीन फुटलेली पाने पिवळट-पांढरी निघू लागली, आणि दिवाळीपर्यंत तीन झाडे वाळून गेली. चुना टाकण्याची कल्पना आम्ही मोठ्यांकडून ऐकली होती हे खरे. परंतु टाकणारे हात आमचे होते, आणि टाकण्यापूर्वी कोणाही जाणकाराला विचारावे असे आम्हांस सुचले नाही.

उरलेली झाडे उपटून तेथे कण्हेर लावावी, असा विचार पुढे आला. तो जवळजवळ निश्चितही झाला होता. तेव्हा विज्ञानाच्या सरांनी आम्हांला विचारले, "पावसाने अपराध केला हे तुम्ही कशावरून ठरविले? पाऊस तर साऱ्या बागेवर पडला. मग तुळस, जास्वंद आणि सदाफुली निरोगी कशा?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशीच नव्हते. झाडांना एका पावसाळ्याची मुदत मिळाली व चौकशीचे काम आमच्याकडे आले. त्या चौकशीत जे वाचले, पाहिले आणि करून बघितले, ते येथे सांगत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अत्यंत स्वच्छ हवेतून पडणारा पाऊसदेखील किंचित आंबटच असतो. हवेतील कर्बवायू पावसाच्या थेंबात विरघळतो व त्याचे सौम्य आम्ल बनते. सोडावॉटरला जी किंचित तुरट-आंबट चव असते, ती याच आम्लाची. पदार्थ किती आम्ल वा अल्क आहे हे दाखविण्यासाठी 'सामू' नावाचे माप वापरतात. सामू ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क. आकडा त्याखाली उतरला की आम्लता वाढते. आणि ती साध्या हिशेबाने वाढत नाही, एकेका अंकाला दसपट होते. सामू ५ चे पाणी सामू ६ च्या पाण्याहून दहापट आम्ल, तर सामू ४ चे पाणी शंभरपट. निर्मळ पावसाचा सामू सुमारे ५.६ असतो. त्याहून तो स्पष्टपणे खाली गेला, तरच पावसात बाहेरचे आम्ल मिसळले आहे असे म्हणता येते.

हे बाहेरचे आम्ल मुख्यतः दोन प्रकारचे. दगडी कोळशात व खनिज तेलात गंधकाचा अंश असतो. तो जळून होणाऱ्या वायूपासून हवेत गंधकाम्ल तयार होते. मोटारींच्या यंत्रात आणि भट्ट्यांत अतिशय उष्णतेमुळे हवेतीलच नत्रवायू व प्राणवायू यांचा संयोग घडतो व त्यातून नत्राम्ल निपजते. ही गोष्ट प्रथम ओळखली ती रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने. इंग्लंडातील मँचेस्टर शहर त्या काळी कापडगिरण्यांच्या धुराने काळवंडलेले होते. तेथील पावसाचे पृथक्करण करून त्याने १८५२ साली आपले निष्कर्ष मांडले, आणि पुढे १८७२ साली हवा व पाऊस याच विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. 'आम्लवर्षा' हा शब्द रूढ झाला तो त्याच्यामुळे. मात्र त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९६७ साली स्वीडनमधील स्वांते ओडेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, आपल्या देशातील सरोवरे आम्ल होत आहेत, आणि त्यास कारण होणारा धूर शेकडो मैलांवरच्या परक्या देशांतून येत आहे. तेव्हा कोठे यूरोप खडबडून जागा झाला.

स्वीडन आणि नॉर्वे या देशांचीच हानी इतकी का व्हावी? येथे आमच्या चौकशीला पहिला धागा मिळाला. त्या देशांतील पुष्कळसा खडक ग्रॅनाइटचा, म्हणजे चुन्याचा अंश फारच थोडा असलेला. वरून पडणारे आम्ल मारून टाकील असे त्या जमिनीत फारसे काही नसते. तेव्हा तेथे आम्ल साठत जाते, मातीतील ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात उतरते, मासे मरतात व झाडांच्या मुळांना इजा पोहोचते. सारांश, पावसात आम्ल किती आहे एवढेच पाहून भागत नाही; तो कोणत्या भूमीवर पडतो हेही पाहिले पाहिजे.

आता आपली भूमी पहा. इंदूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसले आहे. दख्खनचा जो काळा अग्निजन्य खडक पुण्या-नाशिककडे दिसतो, त्याचाच विस्तार येथवर आला आहे. आणि तो झिजून झालेली काळी कापसाची माती आपल्या अंगणांत आहे. या मातीत चुना भरपूर. कोठेही हातभर खणले तर चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. तिचा सामू बहुधा साडेसातापासून साडेआठापर्यंत असतो. म्हणजे ही माती आम्ल तर नाहीच, उलट अल्कतेकडे झुकलेली आहे. कोकणातील वा गोमंतकातील तांबड्या जांभ्या मातीची गोष्ट निराळी. ती मुळातच आम्ल असते, आणि तेथील बागाइतदाराने आम्लाची चिंता केली तर तिला काही अर्थ आहे.

हीच माती ग्रीष्मात धूळ होऊन आकाशात चढते. वैशाखातील वावटळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगावयास नको. धुळीतील चुन्याचे कण ढगांत व पडत्या थेंबांत मिसळतात आणि तेथल्या तेथे आम्लाचा नाश करतात. भारतीय हवामान खात्याने पुणे, नागपूर, जोधपूर, अलाहाबाद, कोडाईकॅनॉल, विशाखापट्टणम इत्यादी दहा ठिकाणी पावसाच्या पाण्याची नियमित तपासणी सुरू केली, त्यास आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. प्रारंभीच्या वर्षांत बहुतेक ठिकाणचा पाऊस ५.६ च्या वरच, कित्येकदा ७ च्या आसपास आढळत असे. त्याचे श्रेय शास्त्रज्ञ मुख्यतः धुळीला देतात. एरवी धुळीला चांगले म्हणणारा मनुष्य आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

तथापि येथेच थांबून पावसाला निर्दोष ठरविणे हे पुन्हा घाईचे झाले असते. त्याच तपासणीत असेही दिसून आले की, वर्षागणिक सामू हळूहळू उतरत आहे. २००१ ते २०१२ या काळात नागपूर, अलाहाबाद, विशाखापट्टणम, कोडाईकॅनॉल आणि आसामातील मोहनबारी येथील नमुन्यांत तो सुमारे ४.८ ते ५.३ इतका खाली आला होता. नागपूरची माती आपल्यासारखीच काळी, हे लक्षात घेतले पाहिजे. खंडवा जिल्ह्यातील श्री सिंगाजी आणि खरगोन जिल्ह्यातील सेल्दा येथील मोठी औष्णिक वीजकेंद्रे आपल्या दक्षिणेस आहेत, व पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून येतात. तेव्हा ज्यांनी पावसाचा संशय घेतला, त्यांनी अगदीच निराधार काही म्हटले नव्हते. आणखी एक गोष्ट आम्हांला नवलाची वाटली. मृगाचा पहिला पाऊस सर्वांत घाणेरडा हे खरे, परंतु तो सर्वांत आम्ल असेलच असे नाही. कारण त्या वेळी हवेत धूळही सर्वांत अधिक असते. आठवडेच्या आठवडे पाऊस पडून हवा धुऊन निघाली की चुन्याचे कण उरत नाहीत, आणि मग भाद्रपदातील नितळ दिसणारा पाऊस गढूळ पहिल्या पावसाहून अधिक आम्ल असू शकतो.

पुढचा प्रश्न असा की, पानावर डाग पाडावयास पाऊस किती आम्ल लागतो? निरनिराळ्या देशांत वनस्पतींवर कृत्रिम आम्लवर्षा करून पाहण्याचे पुष्कळ प्रयोग झालेले आहेत. पानांवर डोळ्यांना दिसेल अशी जखम बहुधा सामू साडेतीनच्या खाली गेल्यावरच होऊ लागते, असे त्यांतून आढळले. साडेतीन म्हणजे पातळ केलेल्या लिंबाच्या सरबताच्या जवळपासची आम्लता. नागपूरच्या ४.८ शी तुलना केली तर ती सुमारे वीसपट होते. तेव्हा आपल्याकडील पावसाने दीर्घ काळात काय होईल ते होवो. परंतु पंधरा दिवसांत गुलाबाची पाने काळी करून गाळण्याइतके सामर्थ्य त्याच्यात असणे कठीण दिसते.

हे झाले पुस्तकातले. आमच्या बागेवर पडणारा पाऊस कसा आहे, हे आम्हांला स्वतः पाहावयाचे होते. आणि येथे आमची फजिती झाली. प्रथम आम्ही शाळेच्या गच्चीवरून टाकीत उतरणारे पाणी तपासले. ते स्पष्टपणे अल्क निघाले. सर्वजण हर्षित झाले, परंतु सरांनी आठवण करून दिली की गच्ची सिमेंटची आहे, आणि सिमेंटात चुना असतो. आम्ही पाऊस तपासला नव्हता, गच्ची तपासली होती. मग उघड्या मैदानात, झाडांपासून व भिंतींपासून दूर, एका उंच स्टुलावर काचेचे रुंद पातेले ठेवावयाचे ठरले. तेही आधी ठेवून चालत नाही. कारण कोरड्या हवेतील धूळ त्यात पडत राहते. पाऊस सुरू झाल्यावरच ते ठेवावे, थांबताच उचलावे, आणि ठेवण्यापूर्वी मोटारीच्या बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने विसळून घ्यावे. धातूची बादली वापरू नये. वर्ग चालू असताना पाऊस आला तर पातेले घेऊन कोणी धावावयाचे, यावरून जे तंटे झाले ते येथे सांगत नाही.

घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा म्हणजे जास्वंदीच्या पाण्याची. लाल जास्वंदीच्या पाकळ्या ऊन पाण्यात भिजवून जो रंग उतरतो, तो आम्लात गडद गुलाबी होतो व अल्कात हिरवा. लिंबू, चिंच, खाण्याचा सोडा, साबण यांवर ही परीक्षा सुंदर दिसते. पावसाच्या पाण्यावर मात्र ती फसली, कारण ५ आणि ६ यांतील अंतर तिला कळत नाही. नंतर प्रयोगशाळेतील सामूदर्शक कागद वापरला. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत जेवढ्या वेळा आम्ही पाहिले, तेवढ्या वेळा कागद पिवळसर वा हिरवट राहिला. नारिंगी किंवा तांबडा एकदाही झाला नाही. यावरून आमचा पाऊस सरबतासारखा आम्ल नाही एवढे निश्चित म्हणता येते. तो ५.६ च्या थोडा वर की थोडा खाली, हे त्या कागदाने सांगता येत नाही. कारण पावसाच्या पाण्यात क्षार इतके अल्प असतात की कागद, बोट, हवा, कशानेही त्याचा सामू ढळतो. त्यासाठी चांगले यंत्र व सराईत हात हवा.

पावसाची तपासणी चालू असतानाच आम्ही पानांकडेही वळलो. वस्तुतः आरंभ तेथूनच करावयास हवा होता. डाग दिसला की पहिले काम म्हणजे ओल्या बोटाने तो पुसून पाहणे. पुसला गेला तर ती धूळ, काजळी वा पाण्यातील क्षार. इंदुरास १९७८ साली नर्मदेचे पाणी आले, तरी पुष्कळ घरांची बाग आजही कूपनलिकेच्या जड पाण्यावर जगते. ते पानावर वाळले की चुन्याचे पांढरे वण राहतात, आणि लोक ते पावसाने झाले असे समजतात. काळी मशेरी लावल्यासारखा चिकट थर असेल तर फांदीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधावा. त्यांच्या गोड स्रावावर ती काळी बुरशी वाढते. पुसून न जाणाऱ्या डागांचा विचार त्यानंतर.

तसे डाग पाहताना आम्ही तीन गोष्टी वहीत लिहीत गेलो : कोणते झाड, त्याचे कोणते पान, आणि ते झाड कोठे आहे. पाऊस हे कारण असते तर वरची, उघडी, पावसाचा मारा प्रथम खाणारी पाने आधी बिघडली असती. प्रत्यक्षात खालची, दाटीतली, मातीच्या जवळची पाने आधी बिघडली होती. पाऊस हे कारण असते तर कोवळ्या पानांची सदाफुली सुटली नसती. तीत एकही डाग नव्हता. आणि डाग भिंगाखाली धरला तेव्हा त्याची कड स्वच्छ गोल दिसली नाही. शाईचा थेंब टिपकागदावर पसरावा तशी ती झालरीसारखी फाटलेली होती. सरांनी वनस्पतिशास्त्राचे पुस्तक उघडून चित्र दाखविले. गुलाबावरील 'काळे ठिपके' नावाचा हा बुरशीचा रोग आहे, आणि तो जगभर गुलाब लावणाऱ्यांच्या परिचयाचा आहे.

तरीही आमच्यातील काहींचे समाधान झाले नाही. बुरशी आली खरी, परंतु दूषित पावसाने झाड अशक्त केले म्हणून ती आली असेल, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो खोडून काढावयास नुसते बोलणे पुरेसे नव्हते. सुदैवाने माळीबाबांनी माघातच त्या वाफ्यातील फांद्या कुंड्यांत रोवून ठेवल्या होत्या. न जाणो, वाफा गेलाच तर वाण तरी राहावे, हा त्यांचा हेतू. त्यांतील बारा कुंड्या आम्ही मागून घेतल्या व तीन-तीनचे चार गट केले. पहिला गट उघड्यावर पावसात. दुसरा पारदर्शक प्लास्टिकच्या मांडवाखाली, नळाचे पाणी फक्त मुळाशी. तिसराही मांडवाखाली, परंतु मुळाशी साठविलेले पावसाचे पाणी. हे तीन गट सुचणे सोपे होते. चौथा गट सुचावयास मात्र आठवडा लागला. पाऊस पडतो तेव्हा झाडाला दोन गोष्टी एकदम घडतात : पावसात जे काही असेल ते पानाला लागते, आणि पान ओले होते. या दोहोंची फारकत केल्याखेरीज आरोप सिद्ध होत नाही. म्हणून चौथ्या गटाच्या पानांवर मांडवाखाली रोज सायंकाळी बॅटरीचे शुद्ध पाणी शिंपडावयाचे, म्हणजे घाण नाही पण ओल आहे, अशी योजना केली.

प्रयोग पुस्तकातल्यासारखा नीटनेटका पार पडला नाही. तिसऱ्या गटातील एक कुंडी क्रिकेटच्या चेंडूने फुटली. दुसऱ्या गटातील एक मांडवाच्या कडेला होती, तिच्यावर तिरप्या सरींचे शिंतोडे उडाले व तिच्या एका बाजूस ठिपके आले. परंतु एकंदर चित्र दिसावयाचे ते दिसले. उघड्यावरील तिन्ही झाडांना ठिपके आले. आणि ज्यांच्यावर केवळ शुद्ध पाणी शिंपडले होते, त्या चौथ्या गटातील तिघांनाही आले. उलट, मुळाशी पावसाचे पाणी पिऊनही ज्यांची पाने कोरडी राहिली, ती झाडे हिरवीगार होती. या बुरशीचे बीजकण रुजावयास पान सुमारे सात तास सतत ओले राहावे लागते, असे आम्ही नंतर वाचले. सायंकाळी शिंपडलेले पाणी श्रावणातील दमट हवेत सकाळपर्यंत वाळत नाही. बारा कुंड्यांवरून शहराचा निकाल लावता येत नाही. पण आमच्या वाफ्यापुरता पावसावरचा आळ सुटला. त्याचा दोष एवढाच की तो ओला असतो.

याच संबंधात एक विलक्षण गोष्ट कळली. इंग्लंडातील कोळशाच्या धुराने भरलेल्या शहरांत गुलाबांवर काळे ठिपके फारसे पडत नसत. १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला, धूर ओसरू लागला, आणि ज्या बागांनी हा रोग पूर्वी क्वचितच पाहिला होता तेथे तो दिसू लागला. १९६६ साली प्रयोगाने सिद्ध झाले की, धुरातील गंधकाचा वायू या बुरशीला मारक आहे. आपल्याकडील द्राक्षबागाइतदार भुरीवर गंधकाची भुकटी मारतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे आमचे ठिपके हवा दूषित असल्याचा पुरावा नव्हतेच. असलाच तर उलट बाजूचा होता! हे ऐकून एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी सांगितले की, त्यांच्या लहानपणी मालवा मिल, हुकुमचंद मिल यांच्या धुराड्यांतून काजळी येई व वाळत घातलेल्या धोतरांवर तिचे कण पडत. त्या वेळी गुलाब चांगले होते. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. गिरण्यांचा धूर गेला म्हणून ठिपके आले, अशी गोष्ट रचण्याचा मोह आम्हांस झाला होता, परंतु त्यास आमच्याजवळ पुरावा नाही. हवेची परीक्षा झाडांकडूनच करावयाची असेल, तर तिच्यासाठी गुलाबापेक्षा दगडफूल बरे. काळ्या मसाल्यात आई घालते तेच हे. गंधकाचा वायू त्याच्या जातीला मुळीच सोसत नाही, म्हणून त्याच्या निरनिराळ्या जाती कोणत्या झाडांच्या सालींवर आहेत व कोठून नाहीशा झाल्या, यावरून शास्त्रज्ञ शहरांच्या हवेचा अंदाज बांधतात.

राहिला प्रश्न चुन्याचा. नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, ही लोहाच्या उणिवेची खूण आहे. काळ्या मातीत लोह नसते असे नाही, पुष्कळ असते. परंतु माती अल्क झाली की ते विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते मुळांना घेता येत नाही. मुळातच चुनखडीची असलेली माती, त्यात आम्ही वरून चुना घातला. शिवाय पावसाळ्यात ही माती फुगते, तिच्या भेगा मिटतात व मुळांना हवा मिळेनाशी होते. वाफा सखल जागी असल्याने तेथे पाणीही तुंबत होते.

या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष वेधावयास इंदूरचाच इतिहास उपयोगी पडला. १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड हे कृषिशास्त्रज्ञ येथील वनस्पतिसंशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्या संस्थेला होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन दिली होती, आणि तीच जागा पुढे कृषी महाविद्यालयाची झाली. कचरा, शेण, गोमूत्राची माती व राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची जी रीत त्यांनी येथे बसविली, ती जगभर 'इंदूर पद्धत' या नावाने ओळखली जाते. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. दोघांनी मिळून १९३१ साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हॉवर्ड यांचे म्हणणे असे की, कीड आणि रोग यांना शत्रू न समजता आपल्या लागवडीतील दोष दाखविणारे परीक्षक समजावे, आणि पहिली चौकशी जमिनीतील हवेची व पाण्याच्या निचऱ्याची करावी. त्यांची सर्वच मते आजचे शास्त्रज्ञ जशीच्या तशी मानीत नाहीत. आमच्या वाफ्याला मात्र ते बोल तंतोतंत लागू पडले.

आश्विनात आम्ही वाफ्याच्या कडेने चर खणून पाण्याला वाट करून दिली. गळलेली पाने वेचून जाळली, कारण बुरशी त्यांच्यात तग धरून राहते. दाटीच्या फांद्या छाटल्या, चुन्याचा वरचा थर खरवडून काढला व त्या जागी शाळेच्या खड्ड्यातील कुजलेले खत घातले. पाणी आता सकाळी व मुळाशीच घालतो. रोवलेल्या फांद्यांपैकी तीन, वाळून गेलेल्या झाडांच्या जागी लावल्या आहेत. जुन्या झाडांतील दोन अद्याप पिवळीच आहेत आणि ती वाचतील असे माळीबाबांना वाटत नाही. बाकीच्यांवर तांबूस पालवी आली आहे.

काचेचे पातेले व स्टूल प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवले आहे. येत्या पावसाळ्यात चांगले सामूमापक यंत्र काही दिवसांपुरते मागून आणून, मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस क्रमाने तपासावा, आणि भाद्रपदातील पाऊस खरोखरच अधिक आम्ल होतो की काय ते पाहावे, असा बेत आहे. ज्यांना पातेले घेऊन धावावयाचे असेल त्यांनी आपली नावे विज्ञानाच्या सरांकडे द्यावीत.